तिघऱ्यावरच्या आपल्या होड्यांच्या शेडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या तीन आठवड्यांत फोनवर, व्हॉट्सॲपवर, दत्तमंदिराच्या पायऱ्यांवर आणि दौलतगंजात भाजी घेताना लोकांनी जे जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तर दुसरीकडे सविस्तर दिलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. नक्की झालंय काय? क्लब बंद होतोय का?

आपला कयाक-कॅनूचा क्लब बंद होत नाही. ग्वाल्हेरजवळच्या तिघरा जलाशयाच्या काठाजवळच्या ज्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण होड्या, वल्ही आणि लाइफ जॅकेट ठेवतो, ती दिवाळीपर्यंत रिकामी करून द्या, असं पत्र आलं आहे. पाण्यावर उतरण्याची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला धक्का लागलेला नाही. पण होड्या ठेवायला जागा नसेल तर ती परवानगी नुसती कागदावर राहील. म्हणून ही धडपड.

2. जागा कोणाची आहे? नाव का सांगत नाही?

एका संस्थेची आहे. नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी इतकी वर्षं भाडं न घेता जागा वापरू दिली आणि आता त्यांना तिथे स्वतःचं बांधकाम करायचं आहे. त्यांच्या दारात जाऊन कोणी घोषणा देऊ नयेत, त्यांच्याबद्दल वाकडंतिकडं लिहू नये. आपलं मागणं मुदतीचं आणि नव्या जागेचं आहे.

3. पॅडलिंग म्हणजे बोटिंगच ना? पर्यटकांसाठी असतं ते?

नाही. सहलीच्या बोटीत आपण बसतो आणि दुसरा कोणी ती चालवतो. इथे होडी आपणच चालवतो, तोंड पुढे करून, वल्हं हातात मोकळं धरून. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. कॅनूच्या वल्ह्याला एकाच टोकाला. शर्यतीचा कॅनूवाला एका गुडघ्यावर टेकून वल्हवतो, कयाकवाला बसून. ज्यात पाठ पुढे करून बसतात आणि वल्ही होडीच्या कडेला अडकवलेली असतात ते रोइंग. तो वेगळा खेळ आहे आणि आपण तो करत नाही.

4. ही मोजक्या हौशी लोकांची चैन आहे. त्यासाठी समाजानं का धावावं?

हा प्रश्न अनेकांनी विचारला, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

ग्वाल्हेरची प्राची यादव आधी पोहायची, नंतर पॅरा-कॅनूकडे, म्हणजे दिव्यांगांच्या कयाक-कॅनू शर्यतींकडे वळली. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये उतरलेली ती या खेळातली पहिली भारतीय, आणि तिथे ती अंतिम फेरीत आठवी आली. पुढे 2023 च्या हांगचौ आशियाई पॅरा स्पर्धेत तिनं एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. भिंडची पूजा ओझा 2022 च्या हॅलिफॅक्सच्या जागतिक पॅरा-कॅनू स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. तिची सुरुवात भिंडच्या गौरी सरोवरात झाली. भिंड इथून दीड-दोन तासांवर. चंबळच्या या पट्ट्यात समुद्र नाही, मोठी नदी खोल घळींतून वाहते, आणि तरीही इथल्या मुली या खेळात जगापर्यंत पोहोचल्या, कारण गावाजवळ पाणी होतं आणि पाण्याजवळ होडी होती.

आपला क्लब पदकं घडवणारी अकादमी नाही. आपल्याकडे जीवाजीगंजातली शाळकरी मुलं येतात, बँकेतून निवृत्त झालेले काका येतात, ऑफिसला जाण्याआधी तासभर येणाऱ्या बायका येतात. महिन्याची वर्गणी शिकवणीच्या एका विषयाच्या फीपेक्षा कमी आहे, आणि ज्यांना तीही जड जाते त्यांच्याकडून आम्ही घेत नाही. होडी क्लबची असते, म्हणूनच हे परवडतं. उद्या प्रत्येकानं आपापली होडी विकत घेऊन आपापल्या घरी ठेवायची ठरली, तर मात्र ही खरोखरच मोजक्यांची चैन होईल.

5. तिघराच का? शहरात बैजाताल आहे, सागरताल आहे.

बैजातालावरचा तरंगता रंगमंच सुंदर आहे, मुलांना पहिल्यांदा होडीत बसवायला ते पाणी चांगलं. पण स्प्रिंटच्या शर्यती 200, 500 आणि 1000 मीटरच्या असतात. सरळ 500 मीटर मोकळं पाणी आपल्याला शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर, सांक नदीवरच्या तिघऱ्यालाच मिळतं.

पुण्याच्या नातेवाइकांना हे आवर्जून सांगा: विश्वेश्वरय्यांनी बनवलेले पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे दरवाजे 1903 साली पहिल्यांदा खडकवासल्याला बसले, आणि त्यानंतर ग्वाल्हेरच्या तिघऱ्याला. माधवराव शिंद्यांच्या काळात 1916 साली धरण झालं. म्हणजे तुमचा खडकवासला आणि आमचा तिघरा या नात्यानं भाऊच.

6. मग शिवपुरीला का नाही जात? तिथे तर शिंद्यांचा जुना सेलिंग क्लबच आहे.

सख्यासागराच्या काठावरची ती वास्तू पाहण्यासारखी आहे. पण तो तलाव माधव राष्ट्रीय उद्यानात आहे, 2022 पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, आणि 2025 च्या मार्चमध्ये ते उद्यान व्याघ्र प्रकल्प झालं. तिथे वन्यजीवांचा हक्क पहिला, आणि तो तसाच असायला हवा. शिवाय शंभराहून अधिक किलोमीटर दूर. रोजच्या सरावाला तो पर्याय नाही.

7. दोन-चार होड्या तर आहेत. सभासदांनी घरी वाटून घ्याव्यात!

दोन-चार नाहीत, 22 आहेत. नवशिक्यांच्या प्लॅस्टिकच्या 10 (आठ एकट्याच्या, दोन दोघांच्या), सरावाच्या फायबरच्या 6, शर्यतीच्या के-1 (एकट्याच्या कयाक) तीन, के-2 (दोघांच्या) दोन, आणि एक वा-आ, म्हणजे एका बाजूला आधाराचा तराफा असलेली पॅरा-कॅनूची होडी.

शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत जागा आहे, हे खरं. मी स्वतः तीन वाडे पाहिले. के-1 ची लांबी 5.20 मीटर असते, के-2 ची 6.50. वाड्याचा दिंडीदरवाजा, त्यामागची देवडी, मग चौकाकडे वळणारा काटकोन. एवढी लांब वस्तू त्या काटकोनात वळत नाही. एका वाड्यात आम्ही बांबू घेऊन प्रत्यक्ष करून पाहिलं. घरच्या आजींनी मदतीला तुळशीवृंदावनही हलवायची तयारी दाखवली, पण तरी बांबू अडला.

समजा, घरी ठेवली. मग ती रोज तिघऱ्यापर्यंत न्यायची कशी? गाडीच्या पुढे-मागे भार बाहेर आला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194(1ए) खाली 20,000 रुपये दंड आहे, 2019 च्या दुरुस्तीपासून. साडेसहा मीटरची होडी साध्या जीपवर बांधली की ती दोन्हीकडून बाहेर येणारच. स्पर्धेला जाताना आम्ही लांब ट्रॉली भाड्यानं आणतो. वर्षातून दोनदा ते जमतं, आठवड्यातून पाचदा नाही.

प्लॅस्टिकच्या लहान होड्या मात्र तात्पुरत्या घरी ठेवता येतील. त्याबद्दल प्रश्न 22 पाहा.

8. काठावर उघड्यावर ताडपत्री टाकून ठेवल्या तर काय बिघडतं?

पहिल्या वर्षी आपण तेच केलं होतं, आणि तीन होड्या गेल्या. ग्वाल्हेरचा मे महिना सांगायला नको. पारा 45 च्या पुढे जातो. प्लॅस्टिकच्या होडीचं पॉलिथिन उन्हाच्या अतिनील किरणांनी ठिसूळ होतं, आणि तापलं की मऊ पडून जिथे टेकलंय तिथे खोलगट होतं. बूड असं दबलं की होडी सरळ चालत नाही, सारखी एका अंगाला ओढते. नवशिक्याला वाटतं आपलंच चुकतंय. फायबरची होडी वाकत नाही, पण तिचा वरचा थर तडकतो आणि पावसाळ्यात पाणी आत शिरतं.

ताडपत्री होडीला घट्ट लपेटली तर आतली उष्णता आणि ओल कोंडते. त्यापेक्षा वर छप्पर आणि बाजूनं हवा हवी. लाइफ जॅकेटच्या फोमचं तर विचारू नका: उन्हानं कापड विरतं, उंदीर फोम कुरतडतात, आणि बाहेरून धड दिसणारं जॅकेट पाण्यात माणसाला पुरेसं तोलत नाही. उघड्यावर ठेवलेल्या होडीत बसण्यापूर्वी गांधीलमाशा आणि साप बघावे लागतात, ते वेगळंच.

9. जरा लांब जागा घ्या की. दोन-तीन किलोमीटर इकडे-तिकडे झालं तर काय?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही.

आत्ताची शेड पाण्यापासून सुमारे दीडशे मीटरवर आहे. प्लॅस्टिकची एकट्याची होडी साधारण 25 किलोची. दोघं मिळून ती काठापर्यंत नेतात, दोन मुली मिळून नेतात, बारा वर्षांचा मुलगा छोट्या ढकलगाडीवर एकटा नेतो. सकाळी साडेसहाला आलेली बाई पावणेसातला पाण्यात असते आणि आठला परत निघते.

जागा तीन किलोमीटर लांब गेली की गाडी लागते. गाडी म्हटली की चालवणारा लागतो, होड्या चढवणारे-उतरवणारे लागतात, बांधायला अर्धा तास, सोडायला अर्धा तास. पावणेसात होते तिथे पावणेआठ होतात. मग कोण येणं सोडतं? धडधाकट, स्वतःची गाडी असलेली, वेळ हाताशी असलेली माणसं येतच राहतात. सुटतात ती शाळकरी मुलं, नोकरीवर जाणाऱ्या बायका, साठीपुढचे सभासद. आणि सर्वांत आधी सुटतो आपला तो सभासद, जो व्हीलचेअरवरून येतो. आत्ता तो शेडमध्येच होडीशेजारी येतो, आपलं आसन स्वतः बसवतो, आणि बाकीचे होडी नेत असताना फरसबंद वाटेनं स्वतःच्या हातांनी काठापर्यंत जातो. शेड लांब गेली की त्याला हे सगळं दुसऱ्याच्या सोयीनं करावं लागेल. त्याचं नाव लिहिलेलं त्याला आवडणार नाही, पण जागा शोधताना माझ्या डोळ्यांसमोर तोच असतो.

म्हणून आमची अट साधी आहे: पाण्यापासून जास्तीत जास्त 300 मीटर, आणि वाट चाकांना चालेल अशी. बाकी सगळ्यात आम्ही तडजोड करू.

10. मग नेमकी किती जागा हवी? सांगताना लोक वेगवेगळे आकडे सांगतात.

30 फूट लांब, 20 फूट रुंद. दार रुंदीच्या, म्हणजे आखूड बाजूला, किमान 8 फुटांचं. लांब होडी आत वळवता येत नाही, ती सरळ आत गेली पाहिजे. दार लांब बाजूला असेल तर दुप्पट मोठी शेडही निरुपयोगी. वर पत्रा चालेल, भिंती जाळीच्या चालतील, वीज नसली तरी चालेल. कुलूप हवं. रॅक आपले आहेत.

एक गोष्ट नको: धरणाच्या भिंतीखालची, नदीच्या अंगाची जमीन. तशा दोन जागा लोकांनी प्रेमानं सुचवल्या. तिघऱ्याची पूर्ण पातळी 740 फूट. पावसाळ्यात पाणी तिच्या जवळ आलं की दरवाजे उघडतात आणि खालच्या बाजूला सांक फुगते. 1917 च्या ऑगस्टमध्ये पाणी भिंतीवरून वाहिलं आणि नवंकोरं धरण फुटलं, हे इथल्या जुन्या माणसांनी ऐकलेलं आहे. शेड वरच्या बाजूला हवी, पूर्ण पातळीच्या रेषेपासून नीट उंचावर.

11. लेखी काही होतं का? इतकी वर्षं वापरल्यावर जागेवर आपला हक्क नाही लागत?

भाडेकरार नव्हता. वापराची परवानगी होती, आधी तोंडी, नंतर दरवर्षी एका पत्रानं. कायद्याच्या भाषेत हे ‘लायसन्स’. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचं कलम 52 त्याबद्दल आहे, आणि कलम 60 प्रमाणे परवानगी देणारा ती मागे घेऊ शकतो. महिना-महिना भाडं देणाऱ्या भाडेकरूला मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 15 दिवसांच्या नोटिशीचं संरक्षण असतं. आपण भाडेकरू नव्हतो.

पण कलम 63 आपल्या कामाचं आहे. परवानगी मागे घेतली तरी आतलं सामान काढून नेण्यासाठी वाजवी वेळ मिळण्याचा हक्क आहे. 22 होड्या, रॅक आणि वल्ह्यांसाठी वाजवी वेळ किती, एवढ्याच मुद्द्यावर आपण नम्रपणे बोलतो आहोत. आपण संक्रांतीपर्यंत मुदत मागितली आहे.

12. शेडची फरशी आणि वाट आपण स्वखर्चानं केली. मग परवानगी मागे घेता येते का?

ज्यांनी हे विचारलं त्यांनी कलम 60 नीट वाचलेलं दिसतं. त्यात अपवाद आहे: परवानगीच्या भरवशावर वापरणाऱ्यानं खर्च करून कायम स्वरूपाचं काम केलं असेल, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. फरशी हे ‘कायम स्वरूपाचं काम’ ठरेल का, ते न्यायालयच ठरवेल. कार्यकारिणीनं त्या वाटेनं न जायचं एकमतानं ठरवलं आहे. ज्यांनी दहा वर्षं दार उघडं ठेवलं, त्यांच्यावर त्याच दाराच्या जोरावर दावा करणं आम्हाला पटत नाही. शिवाय उद्या दुसरा कोणी आपल्याला जागा देताना हेच आठवेल.

13. सही कुठे करायची?

सह्यांचा कागद क्लबच्या सभासदांकडे आहे आणि रविवारी सकाळी शेडवर असतो. पण खरं सांगायचं तर नुसत्या सहीपेक्षा तुमच्या हातचं अर्ध्या पानाचं पत्र जास्त कामाचं. हजार सह्यांचा गठ्ठा फायलीत जातो. पत्र माणूस वाचतो.

पत्रात तीन गोष्टी असाव्यात. तुम्ही कोण, कुठल्या मोहल्ल्यातले. तुम्ही किंवा तुमच्या घरचं कोणी पाण्यावर काय करतं, किंवा काय करायचं आहे. आणि मागणी एका वाक्यात: तिघऱ्याच्या काठापासून 300 मीटरच्या आत, 30 बाय 20 फुटांची छपराची जागा, भाड्यानं किंवा परवानगीनं. ‘क्लब वाचवा’ एवढंच लिहू नका. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर काय हुकूम करावा ते कळत नाही. मुलांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या, शुद्धलेखन सुधारू नका.

पत्र हिंदीत लिहा. मराठीत लिहिलेलं आम्हाला वाचायला गोड वाटतं, पण कार्यालयात ते बाजूला पडतं. हिंदीत लिहायला अडचण असेल तर मराठीत द्या, आम्ही उतरवून देऊ आणि तुम्हाला वाचून दाखवून मगच तुमची सही घेऊ.

14. जनसुनवाईत जाऊ का? 181 वर तक्रार टाकू का?

181 वर तक्रार टाकू नका. ती सरकारी कामातल्या तक्रारींसाठीची हेल्पलाइन आहे, आणि आपली तक्रार कोणाविरुद्धच नाही. तक्रार नोंदली की कोणाला तरी तिचं उत्तर द्यावं लागतं, आणि मदत करू पाहणारा अधिकारीच नाराज होतो.

जनसुनवाईला मात्र जायचं आहे. दर मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात ती असते. आपण अर्ज घेऊन पाच जण जाणार: एक विद्यार्थी, एक पालक, व्हीलचेअरवाला सभासद (तो स्वतःहून म्हणाला), एक प्रशिक्षक आणि अध्यक्ष. पन्नास जणांनी येऊ नये. रांगेत इतरांची जमिनीची, पेन्शनची, रेशनची कामं असतात, त्यांचा वेळ खाऊ नये.

15. काठावर सरकारी पडीक जमीन दिसते. ती कोणाची, हे कसं कळणार?

जमिनीचा खसरा क्रमांक (सर्व्हे नंबर) मिळाला तर पटवाऱ्याकडून, म्हणजे तलाठ्याकडून कळतं. नाही मिळाला तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज: 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. दोन अर्ज आधीच गेले आहेत, म्हणून त्याच जागेबद्दल पुन्हा टाकू नका. तुम्हाला वेगळी जागा माहीत असेल तर मोबाइलवर नकाशातली खूण आणि चार फोटो पाठवा. फोटोत एक तरी पाण्याच्या दिशेनं काढलेला हवा.

16. माझं तिथे गोदाम आहे, द्यायची इच्छा आहे. पण पुढे अडकायला नको.

तुमची भीती रास्त आहे. अकरा महिन्यांचं लेखी लायसन्स करू, त्यात परत मागण्याची मुदत तुम्ही ठरवा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा हवा असेल तर त्याची नोंदणी करावी लागते, तो खर्च क्लब देईल. पक्कं बांधकाम काहीही करणार नाही असं आम्ही आधीच लिहून देऊ. प्रश्न 12 मधली गुंतागुंत तुमच्या वाट्याला येणार नाही. किल्ल्या दोन, एक तुमच्याकडे. आत इंधन, स्वयंपाक, मुक्काम काही नाही. क्लब मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली नोंदलेला आहे, म्हणून करार कोणा एका माणसाशी न होता संस्थेशी होईल.

17. पैसे कसे देऊ? करसवलत मिळेल का?

क्लबच्या बँक खात्यावर, पावती घेऊन. आपल्याकडे 80जी ची नोंदणी नाही, त्यामुळे करसवलत मिळणार नाही. कोणी मिळेल म्हणालं तर ते चुकीचं आहे. कोणा सभासदाच्या वैयक्तिक यूपीआयवर कृपा करून पाठवू नका. आलेले पैसे रॅक हलवणं, ट्रॉलीचं भाडं आणि नव्या जागेची जाळी या तीनच गोष्टींवर जातील. जागा नाही मिळाली तर न वापरलेली रक्कम देणाऱ्याला परत.

18. मुलगा न्यू जर्सीत आहे, त्याला मदत करायची आहे. चालेल?

त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, यावर ते ठरतं. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गानं पाठवत असेल, तर ती परकी देणगी धरली जात नाही. घेऊ.

त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरीही, तो परकीय स्रोत ठरतो. रुपयांत, इथल्या खात्यातून पाठवले तरी तेच. विदेशी अंशदान कायद्याखाली आपली नोंदणी नाही, म्हणून आपल्याला ते घेता येत नाहीत. हाच नियम वस्तूंनाही लागतो: तिकडून क्लबसाठी पाठवलेली वल्ही किंवा जॅकेटही नकोत. त्याच्या मनात असेल तर त्यानं पत्र लिहावं (प्रश्न 13). लहानपणी तो तिघऱ्याला सहलीला गेलाच असेल.

19. हरणी तलावाचं आठवतं ना? मुलांना पाठवायची भीती वाटते.

आठवतं. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षक गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्या दिवसानंतर आम्ही नियम नव्यानं लिहिले, आणि तो कागद शेडच्या दारावर आहे. जॅकेट शेडमध्येच घालायचं, पट्टे दुसऱ्यानं ओढून बघायचे. ते न घालणाऱ्याला, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो, होडी मिळत नाही. लहान मुलांच्या चार होड्यांमागे एक प्रशिक्षक स्वतः होडीत असतो. वारा सुटला की सगळे काठावर.

शेडचा याच्याशी थेट संबंध आहे. सगळी जॅकेट एका कुलपात असतात, मोजली जातात, फाटलेलं त्याच दिवशी बाजूला काढलं जातं. सामान दहा घरांत विखुरलं की मोजणी संपते. पालकांनी पत्रात हे जरूर लिहावं.

20. आणि मगरी?

तिघऱ्यात मगरी आहेत. हिवाळ्यात काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. आपण पहाटेच्या अंधारात आणि सूर्यास्तानंतर पाण्यात उतरत नाही, हात-पाय पाण्यात सोडून बसत नाही, मासे साफ करण्याच्या जागेजवळ होडी लावत नाही. उन्हाळ्यात मादी काठाच्या मातीत अंडी घालून घरट्याची राखण करते. तेव्हा दूरच्या मऊ काठांकडे अजिबात जायचं नाही. सुचवलेल्या जागेसमोरचा काठ कसा आहे हे म्हणूनच आम्ही आधी जाऊन बघतो.

21. हे तर पिण्याचं पाणी आहे. तुम्ही ते घाण नाही करत?

शहर हे पाणी पितं, आम्हीही तेच पितो. आपल्या होड्यांना इंजिन नाही, इंधन नाही, तेल नाही. होड्या काठावर साबणानं धूत नाही. नव्या शेडमध्ये संडास-मोरी मागत नाही, त्यामागेही हेच कारण.

22. दिवाळीपर्यंत जागा मिळालीच नाही तर?

तयारी सुरू आहे. प्लॅस्टिकच्या दहा होड्या सभासदांच्या घरी जातील. आठ घरं ठरली आहेत, कंपू आणि थाटीपूरकडची दोन हवी आहेत. सावली हवी, जमिनीला टेकवायची नाही, कुशीवर ठेवायची आणि दोन रुंद पट्ट्यांवर तोलायची. शर्यतीच्या पाच होड्यांना मुरारमधल्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या पडवीत लग्नसराईपर्यंत जागा मिळाली आहे. देवउठनी एकादशीला ती सोडावी लागेल. तुमची स्वतःची होडी शेडमध्ये असेल तर ती मात्र आधीच घेऊन जा, क्लब तिची जबाबदारी या धांदलीत घेऊ शकणार नाही.

राहिल्या सरावाच्या सहा आणि ती एक वा-आ. सहा आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत शेडमध्येच ठेवू, म्हणजे मुलांचा सराव तुटणार नाही. वा-आ चा तराफा सुटा होतो, पण मुख्य अंग लांबच लांब आहे, आणि ती जो चालवतो त्या व्हीलचेअरवाल्या सभासदाला तिच्यापर्यंत स्वतः पोहोचता आलं पाहिजे. तळमजल्यावर, पायरी नसलेला, साडेसात मीटरचा सरळ पॅसेज किंवा पडवी कोणाकडे असेल तर कळवा. कृपा करून टेप लावून मोजून कळवा, दारापासून भिंतीपर्यंत, आणि मध्ये पाण्याची टाकी किंवा स्कूटर येत असेल तर तेही सांगा.